मोहाच्या दिवसांतल्या मुशी

मोह पडायला लागला की माझी झोप पहाटेच संपते. अंगणाच्या कडेला मोहाचं झाड आहे आणि त्याची एक फांदी आमच्या टिनाच्या छपरावर आलेली आहे. फूल टिनावर पडतं तेव्हा आवाज म्हणावा असा होतच नाही. ओल्या बोटानं कुणी डब्याचं झाकण वाजवावं, तेवढाच. पण तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केलेल्या माणसाचे कान असल्या बारक्या आवाजांवरच पोसलेले असतात. प्रज्ञाची आई म्हणते, "दारात बँड वाजला तरी हे उठत नाईत, अन् फूल पडलं का उठून बसतेत." म्हणते ते खरं आहे. पांढुरकं उजाडेपर्यंत मी टोपली घेऊन झाडाखाली वाकलेला असतो. फुलं गार असतात, बोटांना चिकटतात, आणि त्यांचा तो गोड, थोडासा आंबूस वास डोक्यात चढतो. अशा वेळी मला हटकून मुशी आठवतात.

मुशी म्हणजे शार्क. नागभीडच्या माणसाला मोह वेचताना शार्क आठवावी, हे कुणाला सांगितलं तर तो माझ्या तोंडाचा वास घेईल. इथून समुद्र गाठायचा तर गाडीत एक रात्र काढावी लागते, वर दुसरा दिवसही जातो. मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. तरी आपल्या देशाच्या किनाऱ्याला कुठल्या कुठल्या मुशी मिळतात ते मला विचारा. काळ्या टोकाच्या पंखाची कुठली, हातोड्यासारखं डोकं असलेली कुठली, अंडी घालणारी कुठली आणि पिल्लं देणारी कुठली, एवढं मी झोपेतही सांगेन. हे सगळं मी एका उन्हाळ्यात शिकलो, याच अंगणात बसून.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या मोहात आमची एकुलती मुलगी, प्रज्ञा, कोकणातल्या एका छोट्या बंदरावर मुशी मोजत होती. नागपूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून ती एका संशोधनाच्या कामावर लागली. सकाळी बोटी येतात, मासळी उतरते, मग लिलाव होतो. लिलाव होऊन माल गाडीत चढण्याआधी कुठल्या जातीच्या किती मुशी आल्या, केवढ्या, नर की मादी, हे लिहून घ्यायचं, हे तिचं काम. कामाचं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं होतं, "जंगल दाराशी असून समुद्र काऊन वं?"

"जंगल तुमचं झालं ना बाबा," ती म्हणाली.

मला तेव्हा ते कौतुकाचं बोलणं वाटलं होतं.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. निवृत्त होताना एक कोरं बीट रजिस्टर, म्हणजे गस्तीची नोंदवही, माझ्याकडे राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे मी ठेवून घेतलं. त्यात रकाने आयतेच आखलेले: तारीख, ठिकाण, प्राणी, प्रत्यक्ष दर्शन की खुणा, शेरा. जंगलात आम्ही फरक करायचो. वाघ डोळ्यांनी दिसला तर प्रत्यक्ष दर्शन. पाऊल, विष्ठा, झाडावरचे ओरखडे दिसले तर खुणा. ती सांगायची आणि मी त्या रजिस्टरात लिहायचो. आमच्या जंगलाच्या नावानं छापलेल्या कागदावर समुद्रातली जनावरं उतरू लागली. प्रज्ञाची आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "तिनं जेवण केलं का, ते बी लिहा त्यात."

पहिल्या पंधरवड्यात तर मला हसूच यायचं. एके दिवशी म्हणाली, आज बांबू शार्क आली. मी म्हटलं, बांबू? ती म्हणाली, हाव, हातभर लांबीची, खडकात राहते, अंडी घालते, लहानपणी अंगावर पट्टे असतेत. मग म्हणाली, टायगर शार्कही आहे. म्हणजे वाघही आला. मी म्हटलं, "पोरी, आमच्याकडचंच सगळं उचलून नेलं वं तुह्या समुद्रानं." ती खूप हसली. तिचं हसणं फोनमध्ये खरखरतं, मागून वाऱ्याचा आवाज येत असतो आणि त्या वाऱ्यात कुणीतरी बोटीवरून मोठमोठ्यानं हाका मारत असतं. मी तो आवाज कान देऊन ऐकायचो.

तिच्याकडून कळलं की मुशीच्या अंगात हाड नसतं. आपल्या कानात असते तशी कूर्चा असते सगळीकडे. कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर हात सोलून निघतो. जिला तिथले लोक कानमुशी म्हणतात, त्या हातोड्याच्या डोक्याच्या मुशीचं पिल्लू जन्मतं तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजू मऊ आणि मागं दुमडलेल्या असतात, म्हणजे आईला इजा होऊ नये. हे तिनं सांगितलं तेव्हा प्रज्ञाची आई लाटणं थांबवून म्हणाली, "पाहा, त्याईले बी अक्कल असते." टायगर शार्कचे पट्टे लहानपणी ठळक असतात आणि वय वाढलं की पुसट होत जातात, हेही तेव्हाच कळलं. सगळ्यांत मोठी, ठिपक्याठिपक्यांची व्हेल शार्क कुणाला मारता येत नाही, आपल्या वाघासारखा कायदा आहे तिला. जाळ्यात आली तर जाळं कापून सोडतात. एवढे शार्कचे प्रकार आपल्या देशाच्या पाण्यात असतील, आणि आपण शाळेत फक्त देवमासा शिकलो, याचं मला वाईट वाटायचं.

एकदा मी विचारलं, "त्यातली जिवंत एखादी पाहिली का तू?"

"नाई बाबा. माह्यापर्यंत येतेत त्या मेलेल्याच येतेत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग मेलेले काय मोजून राह्यली?"

बोललो आणि विसरलो. ती विसरली नाही, हे मला नंतर समजलं.

मार्चच्या शेवटाची गोष्ट. मोह भरात होता. मी टोपली घेऊन वाकलेलो असताना सकाळीच तिचा फोन वाजला. एरवी सकाळी ती कधीच फोन करायची नाही. दम लागलेला आवाज. "बाबा, वाघ आला. मादी आहे. आपल्या पलंगापेक्षा लांब आहे. पोटात पिल्लं असतीन असं वाटून राह्यलं." आणि मी, टोपली तिथंच टाकून, तीस वर्षांच्या सवयीनं बोलू लागलो. कोणाले हात लावू देऊ नको. चारही बाजूनं फोटो काढ. भोवती दोरी लाव. दोन साक्षीदार घे. आधी पंचनामा, मंग बाकी.

जंगलात वाघ मेला की असंच असतं. नखं मोजायची, मिशा मोजायच्या, दात मोजायचे. साहेब येईपर्यंत कुणी जवळ फिरकायचं नाही. एकही नख इकडचं तिकडं झालं तर नोकरी जाते. प्रज्ञा आठ-नऊ वर्षांची असताना विहिरीत पडून मेलेल्या बिबट्याच्या पंचनाम्याला मी तिला घेऊन गेलो होतो. मोजपट्टीचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं. त्यामुळे माझं सांगणं तिला वेगळं वाटलंच नाही. तिनं केलं. त्या बंदरावर, लिलावाच्या भर गर्दीत, कुणाच्या तरी जाळ्याची दोरी घेऊन तिनं त्या मुशीभोवती लावली आणि बोटवाल्याला सांगितलं, माझं होईपर्यंत हात लावायचा नाही.

लोक आधी हसले. मग हसणं थांबलं. ऊन चढत होतं, बर्फ वितळत होता, घेणारा कंटाळून दुसऱ्या मालाकडे गेला. दोन रात्री समुद्रात काढून आलेली पाच माणसं तिच्याकडं पाहत उभी होती. बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, जवळ आला. दोरी काढून त्यानं तिच्या हातात दिली आणि सांगितलं की उद्यापासून या बंदरावर यायचं नाही. ती टायगर शार्क धरायला तिथं बंदीही नव्हती. प्रज्ञाला ती अडवून ठेवायचा अधिकारच नव्हता. हे तिला माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

तीन दिवस फोन आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा तिचा आवाज रडून झालेल्या माणसाचा होता.

"बाबा, इथी मेलेलं जनावर सरकारचं नसते. त्या लोकाईच्या मेहनतीचं असते."

"चुकलंच माहं," मी म्हटलं. "मी बोलतो त्या माणसाशी. नंबर दे."

"नका बोलू."

मग मी ते बोललो. म्हटलं, "मंग घरी ये ना. बंदरावरच जाऊ देत नाईत तं तिथी राहून करते काय? इथी वनरक्षकाची भरती निघून राह्यली. तुह्यासारखी पोरगी पहिल्या नंबरात लागन."

मागं आज वारा नव्हता, खोलीत बसून बोलत असावी. ती हळू म्हणाली, "तुमी खूश झाले ना बाबा?"

मी नाही म्हटलं. जोरात नाही म्हटलं. पण आता वय झालं, आता खोटं कुणासाठी बोलायचं? मी खूश झालो होतो. तिला बंदरावरून हाकललं हे ऐकून आधी वाईट वाटलं आणि लगेच त्याच्या मागून, दाराआडून कुणी डोकावावं तसा, आनंद आला. आता येईल. आता परत येईल. माझ्या मुलीनं तो माझ्या आवाजात ऐकला. माझ्यासारखाच कान आहे तिचा.

त्यानंतरच्या संध्याकाळी फोन यायचे, पण छोटे. जेवली. बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे. रजिस्टरमध्ये लिहायला काही नसायचं. चौदा एप्रिलला येईन म्हणाली होती, ती आली नाही. विहारातून परत येताना लोक विचारायचे, पोरगी नाई आली का? मी म्हणायचो, कामात आहे. मोह सरत आला, झाडाला लाल-तांबूस पालवी फुटली. मोहाची पालवी फार सुंदर असते, पण त्या वर्षी मी ती पाहिली असं मला आठवत नाही. मला फोनच्या चार्जरची वायर आठवते, खिडकीच्या गजाला गुंडाळलेली.

मेच्या सुरुवातीला एकदा कामानिमित्त वैनगंगेच्या काठी गेलो होतो. पाणी पार मधल्या धारेत गेलेलं, बाकी सगळी वाळू तापलेली. तिनं मागं सांगितलं होतं की एका जातीची मुशी गोड्या पाण्यातही येते, नदीतून आत आत चढत जाते. मी वाळूत उभा राहून तिला फोन लावला आणि विचारलं, आपल्या वैनगंगेत येऊ शकते का? बोलायला तेवढाच विषय होता माझ्याकडं. ती म्हणाली, "आता मधात धरणं आहेत. पहिले कधी आली असन तं कोणाले माहीत. पण बाबा, वैनगंगेचं पाणी इकडच्या समुद्रात नाई येत. ते गोदावरीतून तिकडं जाते, पूर्वेले."

मला ते भूगोलात शिकवलेलं होतं. पण तिथं वाळूत उभं राहून ते वेगळंच ऐकू आलं. आमच्या तलावाचं, आमच्या नाल्याचं पाणी शेकडो कोस वाहून समुद्राला मिळतं आणि तेसुद्धा माझ्या मुलीकडे जात नाही. ते तिच्याकडे पाठ करून जातं. मी घरी आलो आणि जेवलो नाही. प्रज्ञाच्या आईनं ताट झाकून ठेवलं.

तिकडे प्रज्ञा बंदराच्या फाटकाबाहेर बसत होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. बाहेर एक मासे विकणारी काकी होती. प्रज्ञा तिच्याजवळ जाऊन बसली. काकीनं विचारलं, "खंयची गो तू?" कुठली तू. हिनं सांगितलं, नागभीडची. काकीला नागभीड काय कळणार? हिनं सांगितलं, जिथं वाघ आहेत तिथली. काकी म्हणाली, मग माशांत काय करतेस? काकीनं हिच्या हातात विळी दिली. महिनाभर माझी एम.एस्सी. झालेली मुलगी फाटकाबाहेर बसून मासे कापत होती. मुशीची खरखरीत कातडी कशी सोलायची, तिथले लोक तिचं कालवण कसं करतात, गरोदर बाईला आणि बाळंतिणीला ते कसं चारतात, हे सगळं शिकत होती. तिनं एका संध्याकाळी सांगितलं, "कपड्यातून वास जात नाई बाबा." मी म्हटलं, "मोहाचा बी नाई जात." त्या महिन्यात आम्ही एवढंच काय ते मनमोकळं बोललो.

मग मे संपताना एक दिवस तिचा जुना आवाज फोनवर आला. मागे वारा. "बाबा, रजिस्टर काढा."

त्याच तांडेलाच्या जाळ्यात कानमुशीचं पिल्लू आलं होतं, जिवंत. एरवी ते टोपलीत गेलं असतं. त्यानं ते हातानं सोडवून पाण्यात टाकलं आणि बंदराला लागल्यावर फाटकापर्यंत येऊन हिला सांगितलं, एवढं एवढं होतं, सोडलं, लिहून घे. मग म्हणाला, उद्यापासून आत ये. पण दोरी आणू नको.

ती म्हणाली, "मेलेले काय मोजून राह्यली, म्हणले होते ना तुमी? हे जिवंत होतं. पण बाबा, तुमच्या नियमानं ते प्रत्यक्ष दर्शन नाई होत. मी नाई पाह्यलं, त्यानं पाह्यलं."

तीस वर्षांत मी हा नियम मोडलेला नाही. दुसऱ्यानं पाहिलेला वाघ मी कधी माझ्या रजिस्टरात चढवला नाही, साहेब रागावले तरी. मी लिहिलं: कानमुशी, पिल्लू, जिवंत. प्रत्यक्ष दर्शन. ती नोंद अजून तशीच आहे.

जूनपासून तिकडे दोन महिने मासेमारी बंद असते. मी धरून चाललो होतो की बंदी लागली की ती येणार. तिची खोली चुन्यानं रंगवली, कूलरला नवी गवतजाळी बसवली. तिच्या आईनं वाळवलेला मोह आणि तीळ कुटून लाडू केले. आणि तिचा फोन आला, की बंदीत लोक जाळी दुरुस्त करतात, घरी असतात, ऐकून घ्यायला वेळ असतो. पिल्लं कशी ओळखायची, कशी सोडायची, हे आत्ताच बोलता येईल. ती काकीकडेच राहणार होती.

फोन ठेवल्यावर मी बरंच काही बोललो. तिची आई लाडूच्या डब्याचं झाकण लावत होती. म्हणाली, "तिले लहानपणी मोजपट्टी धरायले तुमीच नेलं. तवा मले विचारलं होतं?" लाडू तिनं पार्सलनं पाठवले. मी नव्या चुन्याच्या वासाच्या त्या खोलीत दुपारचं झोपायला लागलो.

यालाही आता पाच वर्षं झाली. प्रज्ञा तिथंच आहे, तिनं भाड्याची खोली केली आहे. दिवाळीत येते, चार दिवस राहते, निघताना मी स्टेशनवर जातो आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहतो, बाकीचे बाप राहतात तसा. ती मला दर वर्षी म्हणते, तुमी दोघं या ना. मी म्हणतो, गुडघा. मी म्हणतो, मोह कोण वेचन? एका वर्षी तर मी घराचं टिन बदलायचं आहे असं सांगितलं होतं. ते अजून बदललेलं नाही.

परवा फोन आला तेव्हा मी फुलं वाळत घालत होतो. तिनं पुन्हा तेच विचारलं. माझ्याजवळ या वर्षीचं कारण तयार होतं. पण का कोण जाणे, ते तोंडातून निघालंच नाही.

मी म्हटलं, "पोरी, खरं सांगू? मी तिथी आलो, तू कशी राहते ते पाह्यलं, तर मंग तुले घरी ये म्हणायले मले तोंड नाई राहणार. म्हणून नाई येत."

"मंग नका म्हणू बाबा," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली, रोज म्हणताच. आता नका म्हणू. फक्त या."

प्रज्ञाची आई शेजारीच फुलं पसरवत होती. तिचा हात थांबला होता. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. फोन माझ्या कानाला चिकटून गरम झाला होता. मी विचारलं, "पांघरायले आणावं लागते का तिथी?"

"नाई बाबा," ती म्हणाली. "दोघांचं घेऊन ठेवलं आहे मी. चार वर्षं झाली."